आखाजी ते आखाजी

११ एप्रिल १९३६

साल संपायला तेरा दिवस राहिले.

दुपारी वखर सोडला, बैल निंबाखाली बांधले आणि ही वही पहिल्या पानापासून वाचली. पहिलं पान गेल्या आखाजीचं. टाक इतका दाबून लिहिलंय की अक्षरं पाठच्या पानावर उमटली आहेत. त्या दिवशी मी किती तापलो होतो ते अक्षरांवरूनच कळतं.

पुण्याला कॉलेजात माझ्याबरोबरची पोरं एक जानेवारीला संकल्प करायची आणि दहा जानेवारीला विसरायची. आमच्याकडे वर्ष उलटतं ते आखाजीला, अक्षय तृतीयेला. त्या दिवशी जुन्या सालदाराचं साल संपतं आणि नवं बांधलं जातं. वर्षभर मालकाच्या शेतावर राबायचं, मधे सोडायचं नाही. अर्ध्यात सोडलं तर पंचक्रोशीत पुन्हा कुणी उभं करत नाही.

तर साल लागलं त्या दिवशी लिहिलेले माझे पाच संकल्प. एक: साल पुरं करीन, मेलो तरी. दोन: राग आला की शंभर आकडे मोजीन. तीन: या वहीत कुंदाचं नाव लिहिणार नाही. चार: रोज इंग्रजी एक पान. पाच: नानांच्या, माझ्या वडिलांच्या, तोंडून एकदा तरी 'बरं केलं' ऐकीन.

तिसऱ्याचा निकाल सगळ्यात आधी लागला. दुसऱ्याच दिवशी नाव लिहिलंय. मग काही दिवस हुशारी केली, नावाऐवजी तिच्या गावाचं नाव लिहिलं. 'आज सोनगीर फार आठवलं.' 'सोनगीरचे डोळे.' वाचून माझं मलाच हसू आलं. शेजारी उखर्डूबा बसला होता. आमचा जुना सालदार. गुडघा गेला म्हणून त्याच्या जागी मी. त्याने विचारलं, "काय रे, पुस्तकमा काय इतलं हासानं शे?"

म्हटलं, "एक येडा शे यामा."

तो म्हणाला, "मंग तुन्हीच वही व्हई."

१३ एप्रिल

बेबाफुई आली. नानांची धाकटी बहीण, सोनगीरला दिलेली. दरसाल आखाजीला माहेरी येते. मी मराठी चौथीपर्यंत तिच्याच घरी राहून शिकलो. तिच्या शेजारचं घर अभिमन आबांचं आणि कुंदा त्यांची मुलगी. शाळेत शुद्धलेखनात ती मला हरवायची आणि वर माझी पाटी पुसायची.

फुईने आल्या आल्या पाणीसुद्धा घेतलं नाही. "हात दखाड तुना."

मी हात पुढे केले. तिने घट्टे दाबून पाहिले, उलटे करून पाहिले, बाजारात वांगी पाहावीत तसे. मग मायला म्हणाली, "वहिनी, खरं शे व. बठ्ठं खरं शे." कुणी काय सांगितलं होतं आणि खरं काय निघालं, ते बोलली नाही. लोक माझी कीव करतात, दुसरं काय!

मग तिने चहाबरोबर बातमी दिली. कुंदाला धुळ्याचं स्थळ आलंय. मुलगा कचेरीत कारकून. आखाजीला ते लोक सोनगीरला येणार आणि दुसऱ्या दिवशी सुपारी फोडायची. सांगताना माझ्याकडेच बघत होती. मी उठून गोठ्यात गेलो आणि मोजायला लागलो. शंभर झाले. दोनशे झाले. बैलाने मान वळवून पाहिलं.

१४ एप्रिल

एक अक्षरही वाचलं नाही. वखराची ओळ वाकडी गेली, दोनदा.

१६ एप्रिल

सगळं लिहून काढतो. नाही तर डोकं फुटेल.

गेल्या वर्षी मी पुण्याहून परत आलो ते फेब्रुवारीत, इंटर अर्ध्यावर टाकून. कारण लोकांना वाटतं तेवढं मोठं नाही. हजेरीच्या वेळी माझं लक्ष खिडकीबाहेर होतं. नाव पुकारलं गेलं आणि माझ्या तोंडून 'यस सर'ऐवजी निघालं 'शे'. घरचा शब्द. आहे म्हणायचं तर आम्ही शे म्हणतो. वर्ग हसला. एका दिवसाचं हसू मी सोसलं असतं. पण आठवडाभर मी दिसलो की बाकांवरून शेळ्यांसारखा आवाज यायचा, 'शेऽ शेऽ'. आठव्या दिवशी मी शाईची दौत उचलली आणि त्यांच्या पुढाऱ्याच्या धोतरावर फोडली. प्रिन्सिपल माफी माग म्हणाले. मी ट्रंक उचलली.

घरी नाना एक शब्द बोलले नाहीत. तीन महिने नुसतं बघायचे. त्यांनी मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

मग आली आखाजी. आमच्या आणि सोनगीरच्या शिवेवर नाला आहे. संध्याकाळी दोन्ही गावच्या पोरी गौराई घेऊन तिथे येतात आणि बुडवण्याआधी या काठावरून त्या काठावर एकमेकींना गाण्यातून शिव्या घालतात. कुणाचं नाक, कुणाचा बाप, कुणाचा आळशी भाऊ, काही सुटत नाही. पुरुष लांब बाभळींखाली उभे राहून ऐकतात. मीही उभा होतो. आणि समोरच्या काठावर कुंदा पुढे आली, कमरेला पदर खोचला आणि खड्या आवाजात म्हणाली:

"लोटन पाटील पुनाले गया, अर्धं पुस्तक टाकी उना,
नांगरना नही, पोथीना नही, सांग व माय, हाऊ कोना?"

दोन गावं हसली. बाभळींखालचे पुरुष माझ्याकडे वळून हसले. हा कुणाचा? ना नांगराचा, ना पोथीचा!

मी घरी आलो आणि दोन ताव भरून पत्र लिहिलं. अभिमन आबांना. 'आपल्या कन्येने जाहीर ठिकाणी माझी मानहानी केली असून सबब लेखी माफी मिळावी.' खाली सही: लोटन झुलाल पाटील, इंटर क्लास. टपालाने पाठवलं.

सोनगीरमध्ये आठ दिवस दुसरा विषय नव्हता म्हणे. फुई स्वतः चालत आली होती मला सांगायला. "अरे येडा, नालावरलं नालावरच ऱ्हास! कोनी घर लयी जात नही. बाप पोरले विचारत नही, नवरा बायकोले विचारत नही. आनि तू टपालमा टाकं?" मला हा नियम ठाऊक नव्हता असं नाही. पण त्या वेळी तो माझ्यासाठी नाही असं वाटलं होतं. आबांनी फुईकडून तोंडी उत्तर धाडलं: "अर्धामा सोडनारनी तक्रार मी अर्धीच वाचस. बाकी साल भरानंतर."

मी त्याच दिवशी नानांसमोर उभा राहिलो. "माले काम द्या. कोनतं बी."

नानांनी पान लावलं, चुना पुसला. "उखर्डूना गुडघा गया. सालदार पाहिजे. लागस का? पन ध्यान ठेव, सालदार अर्धामा सोडत नही. मी बाप नही ऱ्हावाव, मालक ऱ्हासू."

बाप मुलाला गडी म्हणून ठेवतो! मी हो म्हटलं, ते त्यांना खाली पाहायला लावायचं म्हणून. गेल्या वर्षात त्यांनी मला कपाशीच्या पऱ्हाट्या उपटायला लावल्या, खत वाहायला लावलं, रात्री जागलीला बसवलं, मिरच्या खुडून डोळे सुजले तेव्हा दुसऱ्या दिवशी पुन्हा मिरच्याच दिल्या. आणि स्वतः काय करायचे? दर पंधरवड्याला सोनगीरच्या बाजाराला जायचे आणि अभिमन आबांच्या ओट्यावर बसून चहा प्यायचे. ज्या घराने मुलाची अब्रू घेतली त्याच घरी! मायने एकदा विचारलं, इतकं काय बोलता तिथे? म्हणाले, "शेतीनं."

१७ एप्रिल

आणि आज ते अभिमन आबा माझ्या बांधावर.

बैलगाडी रस्त्यावर थांबवली, पायी आत आले, पाणी मागितलं. मी मडकं दाखवलं. ते पाणी प्यायले आणि उगाच उभे राहिले, वखरलेल्या रानाकडे बघत. बोटभर काशी, तणाची मुळी, उरली नव्हती, हे मीच माझ्या तोंडाने सांगतो.

"सरळ चालस तुना वखर."

मी म्हटलं, "बैल शहाणा शेतस."

"हं. बैल बी अर्धामा सोडत नहीत." आणि मिशीत हसले. मी मोजायला लागलो. एकोणचाळीसला ते पुन्हा बोलले. "आमना तो धुळावाला पाव्हना उना व्हता पोर दखाले. काय सांगू! हात इतला मऊ, राम राम करताना मालेच लाज वाटनी. शेतमा लयी गऊ, वखर दखाडा. तो म्हने, हाई काय शे?"

सत्त्याऐंशीला गाडीकडे गेले. जाताना उखर्डूबाशी हळू आवाजात काही बोलले. मी विचारलं तर उखर्डूबा म्हणाला, "बैलना भाव."

माझ्याच बांधावर येऊन होणाऱ्या जावयाच्या मऊ हातांची बढाई! तेवढंच ऐकायचं राहिलं होतं.

१९ एप्रिल

पहिला संकल्प मोडला.

आज वखर धरला आणि समोर सोनगीरचा किल्ला दिसत होता. रोजच दिसतो. पण आज वाटलं, मी इथे मातीला ओरखडे काढतोय आणि तिथे सहा दिवसांनी तिची सुपारी फुटणार. कसलं साल, कुणाचं साल! नाना मला ठेवोत नाहीतर हाकलोत. आत्ता जाऊन तिच्याच ओट्यावर उभं राहून विचारतो: माझ्यासारख्या अर्ध्याला हसलीस, मग माझ्याकडे बघतेस कशाला? गेल्या पोळ्याला मी सोनगीरला आलो तेव्हा फुईच्या घराच्या खिडकीतून अर्धा तास कोण बघत होतं?

चाबूक फेकला. बैल जुंपलेले तसेच सोडले. अनवाणी चालत सुटलो. नाल्यापर्यंत पोचलो. पाणी नाही, डबक्यात दोन म्हशी बसलेल्या. त्या म्हशी पाहिल्या आणि आठवलं: बैल उन्हात आहेत. जू मानेवर आहे. सकाळपासून पाणी पाजलेलं नाही.

मी कुंदासाठी परत फिरलो नाही, नानांसाठी नाही, संकल्पासाठी तर मुळीच नाही. दोन मुक्या जनावरांची मान डोळ्यांसमोर आली म्हणून धावत परत आलो. पाय पोळले. पाहतो तर उखर्डूबा बैलांजवळ उभा, गुडघा धरून. बैलांवर आपलं धोतर ओलं करून टाकलेलं. जू मात्र सोडलं नव्हतं.

मी जू सोडलं. बैल विहिरीवर नेले, पाजले. मग उखर्डूबाला म्हणालो, "नानाले सांगशी का?"

"काय सांगू? मी काही दखं नही."

"जू तरी सोडानं व्हतं!"

"मी कसं सोडू? साल तुनं शे, मनं नही."

२० एप्रिल

उखर्डूबा गप्प बसेल. बैल बोलणार नाहीत. म्हणजे मला कुणी काही म्हणू शकत नव्हतं. आणि हेच मला सहन होईना. जो न्याय मी दुसऱ्यांना लावतो तो मला का नाही?

सकाळी नाना दात घासत होते तेव्हाच सांगितलं. "काल मी साल सोडं. जुंपेल बैल टाकीसन नालालोंग गऊ. तासभर. आते तुमी काय म्हनशात ते."

नानांनी चूळ भरली. "परत कसा काय उना?"

"बैल तिश्या व्हतात."

"पाणी पाजं?"

"पाजं."

"ओळ पुरी करी?"

"करी. दोन जास्तीन्या बी करी."

"मंग सोडं काय तू?" आणि आत गेले. थोड्या वेळाने मायला म्हणताना ऐकलं, "आज भाकरवर लोनी टाक त्याना." लोणी आम्हाला पेरणीलाही मिळत नाही. बहुतेक कालचं नासायला आलं असेल.

मला तर असं वाटत होतं की ते ओरडतील आणि मग मीही ओरडेन. वर्षभराचं सगळं एकदा बाहेर येईल. या माणसाशी धड भांडताही येत नाही.

२२ एप्रिल

चौथ्या संकल्पाचा झाडा. सालभरात इंग्रजी पानं वाचली १९०. पावसाळ्यात जास्त, कापूस वेचणीत शून्य. जागलीला कंदिलाजवळ बसून वाचायचो आणि उखर्डूबा विचारायचा, काय लिहिलंय? मी आमच्या बोलीत सांगायचो. इंग्रज राजे आमच्या बोलीत भांडायला लागले की ते त्याला फार पटायचं. "हाऊ तर आपला पोलीस पाटीलनागत शे!" पुण्याच्या वर्गात मला इतकं कधीच कळलं नव्हतं. हे तिथे कुणाला सांगावं?

२४ एप्रिल, आखाजी. संध्याकाळ

आज टाक दाबून लिहीत नाही.

सकाळी मायने घागर पुजली. खाली चार ढेकळं ठेवली, पावसाच्या चार महिन्यांच्या नावांची. आषाढाचं ढेकूळ सगळ्यात आधी भिजलं. पूर्वजांच्या नावाने विस्तवावर घास पडला. मग पंगत. सालदाराला मालकाच्या शेजारी पहिलं पान मांडायची रीत आहे. नानांनी स्वतः माझा पाट सरकवला. खापरावरचे मांडे आणि आंब्याचा रस. जेवण झाल्यावर उठून आतून नवं पागोटं आणलं आणि माझ्या डोक्यावर ठेवलं. म्हणाले, "साल पुरं." एवढंच. 'बरं केलं' नाही. पाचवा संकल्प गेला. जाऊ दे! पण पागोटं सारखं करताना त्यांची बोटं माझ्या कानाजवळ थोडी जास्त वेळ राहिली, ते मी लिहून ठेवतो.

आता मी कुणाचा गडी नव्हतो. मी सरळ नाल्यावर गेलो. माय म्हणाली, "जाऊ नको, पुन्हा काही ऐकशी आनि पुन्हा पत्र लिखशी." म्हटलं, "ऐकाले जास. लिखाले नही."

यंदा पलीकडच्या बाभळींखाली अभिमन आबांबरोबर तीन परके पुरुष होते, कोट घातलेले. धुळ्याचे. त्यातला मऊ हाताचा कोण ते लांबूनही कळलं, तो रुमालाने बूट पुसत होता.

माझी खात्री होती की कुंदा येणार नाही. सासरची माणसं आलेली असताना कोणती मुलगी शिव्या गायला येईल? पण ती आली. सगळ्यांच्या पुढे आली. आमच्या काठावरच्या पोरींनी तिच्या कारकुनावर काहीतरी जुळवलं, बुटाचं. हशा झाला. मग तिने पदर खोचला, माझ्या पागोट्याकडे पाहिलं आणि गेल्या सालचा तोच आवाज लावला:

"लोटन पाटीलना सांगू काय, साल भरीसन पाटवर उना,"

मी नखं तळव्यात रोवली. मोजायला सुरुवात केली. एक, दोन,

"नांगरना बी शे, पोथीना बी शे, इचारू नका हाऊ कोना!"

तीनच्या पुढे आकडाच आठवेना.

कुणी हसलं नाही.  मग आमच्याकडून बेबाफुईनेच मोठ्याने हाळी दिली आणि पोरींनी एकदम गौराया डबक्यातल्या पाण्यात सोडल्या. कोटवाल्यांपैकी म्हातारा अभिमन आबांना काहीतरी विचारत होता, हात उडवून. आबा आकाशाकडे बघत होते. त्यांना विचारताच येत नव्हतं. नाल्यावरचं नाल्यावर! बाप मुलीला विचारत नाही. जो नियम मी टपालात टाकून मोडला होता, तोच धरून तिने दोन गावांसमोर बोलून घेतलं आणि कुणी तिला जाब विचारू शकत नाही.

की हीसुद्धा चेष्टाच होती? असेल. मी विचारणार नाही. मी काहीही ऐकलेलं नाही.

२५ एप्रिल

सकाळीच अभिमन आबा दारात. मी ओट्यावर होतो. नानांनी गादी टाकली. दोघे एकमेकांकडे बघून असे बसले, जणू वर्षभर पत्ते खेळून आता डाव मांडायचा आहे.

माय दारातून म्हणाली, "आज तर सुपारी व्हती ना तुमनाकडे?"

"पाव्हना काल सांजलेच मोटरनी धुळाले गयात. काब्र गयात माले काय माहीत? मी नालावरलं काही ऐकं नही." मग माझ्याकडे वळले. "मी त्या कामे उनू नही. मी तुनी तक्रारना कामे उनू. साल भरनं ना? बाकी अर्धी वाची मी."

आणि त्यांनी खिशातून माझं पत्र काढून दिलं. वर्षभर घडी उघडून उघडून तिथे कागद विरलाय. एवढ्यांदा कुणी वाचलं असेल? आबांना चष्मा नाही.

खाली माझ्या सहीत 'इंटर क्लास' हे शब्द खोडलेले. शाई जुनी, फिकट. त्यावर मराठी शाळेतल्या वळणदार अक्षरात लिहिलंय: 'सालदार'. मी ते अक्षर चौथीपासून ओळखतो. आणि 'सालदार'ही खोडलेला. ही शाई ताजी. पुढे काही लिहिलेलं नाही. जागा मोकळी.

नाना म्हणाले, "लोटन, आते मी तुले ठेवत नही. उखर्डूना पुतन्या लागनार शे सालवर."

मी म्हटलं, "माले बी ऱ्हावानं नही. माले पुनाले जानं शे. जूनमा."

हे मी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून निघालं, 'शे' निघालं होतं तसंच. नाना आबांकडे बघून म्हणाले, "मी काय सांगं व्हतं?" आबा म्हणाले, "मंग तुळशीना लगीननंतर दखूत." काय बघायचं ते कुणी बोललं नाही. आणि मी पाणी आणायला उठलो तेव्हा पाठीमागून, मला ऐकू जाऊ नये इतक्या हळू, नाना म्हणाले, "बरं करं पोऱ्यानी."

पाचवा संकल्प एक दिवस उशिरा. धरायचा की नाही? धरतो. वही माझी आहे.

नव्या सालाचे संकल्प:

राग आल्यास वीस आकडे. शंभर माझ्या आवाक्यातले नाहीत, हे वर्षभरात सिद्ध झालंय.

कुंदाचं नाव या वहीत हवं तितक्यांदा लिहीन. कुंदा. कुंदा.

राहिलेलं अर्धं पुस्तक पुरं करीन. त्या पुढाऱ्याची माफी न मागता. दंड सांगितला तर धोतर धुऊन देईन, माफी मागणार नाही.

आणि पहिल्या दिवशी हजेरीला माझं नाव पुकारलं की बाकावरून उठून, पागोट्यासकट, खिडकीबाहेर न बघता, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणेन: शे.

शाईची दौत बरोबर नेणार नाही. शाई उसनी घेईन.